पीडमाँट ॲव्हेन्यूवरचे घर : इंटरनॅशनल हाऊस, बर्कली

संस्थेच्या इतिहासात पत्ता सहसा शेवटच्या पानावर येतो. या संस्थेचा इतिहास मात्र पत्त्यापासूनच सुरू करावा लागतो : २२९९, पीडमाँट ॲव्हेन्यू, बर्कली, कॅलिफोर्निया. घर कुठे बांधायचे हा निर्णय इथे घर कसे चालवायचे या निर्णयाइतकाच महत्त्वाचा ठरला.

पीडमाँट ॲव्हेन्यूची आखणी १८६५ साली फ्रेडरिक लॉ ओम्स्टेड यांनी केली. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणाऱ्यांपैकी हे एक. तीन वर्षांनी कॅलिफोर्निया विद्यापीठ स्थापन झाले आणि कालांतराने या झाडांच्या रस्त्यावर फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी यांची घरे उभी राहिली. फ्रॅटर्निटी म्हणजे ग्रीक अक्षरांचे नाव घेतलेली विद्यार्थ्यांची बंधुमंडळी. स्वतःचे घर, स्वतःची मेस, स्वतःची खूण, गुप्त दीक्षाविधी आणि एकदा आत आले की जन्मभराचे नाते. सोरॉरिटी हे तिचे मुलींसाठीचे रूप. बर्कलीत पहिली फ्रॅटर्निटी, झीटा साय, १८७० साली निघाली. नवे सभासद कोण हे जुने सभासद ठरवत, आणि कोणाला घ्यायचे नाही हेही तेच ठरवत. देशभरातल्या अनेक फ्रॅटर्निटींच्या घटनेत सभासदत्व गोऱ्या ख्रिस्ती तरुणांपुरते राखल्याचे कलम होते. जिथे ते लिहिलेले नव्हते, तिथे लिहिण्याची कोणाला गरज वाटली नव्हती.

अशा रस्त्याच्या माथ्यावर, बँक्रॉफ्ट वे जिथे येऊन मिळतो त्या मोक्याच्या जागी, १८ ऑगस्ट १९३० रोजी इंटरनॅशनल हाऊसचे दार उघडले. या घटनेला पंचाण्णव वर्षे होऊन गेली, शताब्दी दाराशी आली. त्या निमित्ताने हा आढावा.

पूर्वपीठिका : १९०३ ते १९२४

वेगवेगळ्या देशांच्या विद्यार्थ्यांची एक बंधुमंडळी असावी ही कल्पना बर्कलीत जन्मली नाही. इटलीतल्या तुरीन शहरात १८९८ साली ‘कोर्दा फ्रात्रेस’ नावाची आंतरराष्ट्रीय विद्यार्थी संघटना निघाली होती. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९०३ साली विद्यार्थ्यांचा इंटरनॅशनल क्लब स्थापन झाला, आणि पुढच्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठात कॉस्मॉपॉलिटन क्लब उभा राहिला. कॉर्नेलच्या क्लबमागची मोठी प्रेरणा मोदेस्तो किरोगा या अर्जेंटिनाच्या विद्यार्थ्याची. १९०७ च्या डिसेंबरात अशा क्लबांचा राष्ट्रीय संघ तयार झाला. सर्व राष्ट्रांच्या वर मानवता, हे त्याचे ब्रीद.

त्याच काळात कॉर्नेलमध्ये आपले श्रीधर व्यंकटेश केतकर शिकत होते. १९०६ ते १९११ ही त्यांची तिथली वर्षे, आणि हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९०९ चे. ज्ञानकोशकार इथाका गावात जातीचा अभ्यास करत होते, तेव्हा त्याच गावात परदेशी मुले जाती आणि राष्ट्रे ओलांडून एकत्र जेवण्याचा प्रयोग करत होती.

न्यूयॉर्कमधला धागा आपल्याला अधिक जवळचा. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पहिले काही दिवस ते हार्टली हॉलमध्ये राहिले, मग पश्चिम ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये आले. तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर ते राहू लागले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. ज्या तरुणाला मायदेशी शाळेत वेगळे बसावे लागले होते, त्याच्या दृष्टीने एका टेबलावर जेवणे ही साधी गोष्ट नव्हती.

याच कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्यांवर, १९०९ साली, आपल्या संस्थेची खरी सुरुवात झाली. वायएमसीएचे काम करणारे हॅरी एडमंड्स हे तरुण गृहस्थ ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून जात असता समोरून येणाऱ्या चिनी विद्यार्थ्याला त्यांनी सहज ‘गुड मॉर्निंग’ केले. पुढे गेलेल्या एडमंड्सना त्या मुलाने थांबवले. न्यूयॉर्कमध्ये येऊन आपल्याला तीन आठवडे झाले आणि आपल्याशी बोललेले तुम्ही पहिलेच, असे त्याने सांगितले. एडमंड्सनी घरी जाऊन ही हकीकत पत्नीला, फ्लॉरेन्स यांना सांगितली, आणि परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी घरी बोलवायचे ठरले. स्थापनेच्या कथा वर्षागणिक गुळगुळीत होत जातात, तशी हीही झाली असेल. पण रविवारचे जेवण ही गोष्ट खरी, आणि ते जेवण हळूहळू एडमंड्सच्या घरात मावेनासे झाले हेही खरे. श्रेय देताना हॅरींचे नाव नेहमी आधी येते. दर रविवारी पाहुण्यांचा राबता सांभाळणाऱ्या फ्लॉरेन्सबाईंचा वाटा त्याहून कमी नव्हता.

जेवणातून क्लब झाला, आणि क्लबला घर हवे झाले. धाकटे जॉन डी. रॉकफेलर आणि डॉज कुटुंब यांच्या देणगीतून १९२४ साली न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड ड्राइव्हवर पहिले इंटरनॅशनल हाऊस उभे राहिले. बंधुभावाचा विजय असो, अशा आशयाचे वचन त्याच्या दारावर कोरले आहे.

विसाचे दशक : जागेची निवड

न्यूयॉर्कचे घर उभे राहताच एडमंड्स पश्चिम किनाऱ्याकडे वळले. आशियातून येणारे विद्यार्थी सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरत आणि त्यातले पुष्कळ बर्कलीत येत. त्यांना जागा मिळणे मुश्कील होते. भाड्याच्या खोलीच्या जाहिराती वाचून दार ठोठावायचे, चेहरा पाहून दार बंद व्हायचे. कायदाही त्यांच्या बाजूचा नव्हता. कॅलिफोर्नियाने १९१३ साली आणि पुन्हा १९२० साली आशियाई लोकांना जमीन घेण्यास मनाई करणारे कायदे केले. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणसाला नागरिकत्वाचा हक्क नाकारला. १९२४ च्या कायद्याने आशियातून येऊन स्थायिक होण्याची वाट जवळजवळ बंद केली. शिक्षणासाठी येणाऱ्यांना दार उघडे राहिले, पण शिकायला या आणि राहायचे तुमचे तुम्ही पाहा, असा तो प्रकार होता. आपल्याकडचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे हे शतकाच्या पहिल्या दशकातच बर्कलीत येऊन गेले होते. ते पुढे ओरेगनला शेतकी शिकायला गेले आणि मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले.

ज्यांना पीडमाँट ॲव्हेन्यूवर प्रवेश नव्हता त्यांनी आपापली मंडळे काढली होती. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची आल्फा कप्पा आल्फा या सोरॉरिटीची शाखा आयडा जॅक्सन यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये बर्कलीत सुरू झाली. वार्षिकात छायाचित्र यावे म्हणून मुलींनी पैसे भरले, छायाचित्रही काढून घेतले, आणि वार्षिक हातात पडले तेव्हा त्यात ते नव्हते. १९२९ साली चिनी वंशाच्या अमेरिकन विद्यार्थ्यांनी बर्कलीतच पाय आल्फा फाय ही फ्रॅटर्निटी काढली. आपली पंगत आपण मांडायची, हा मार्ग समजण्यासारखा होता आणि त्या काळात आवश्यकही होता.

महाराष्ट्राला हा पेच अनोळखी नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी वेगवेगळी वसतिगृहे उभारली, कारण तशी ती उभारल्याशिवाय मुले शिकणार नव्हती. पुढे भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीला आणले. ते साल १९२४, म्हणजे न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल हाऊसचेच. साताऱ्याला न्यूयॉर्कची खबर नव्हती आणि न्यूयॉर्कला साताऱ्याची.

एडमंड्सनी बर्कलीत दुसरा मार्ग धरला. नवे घर गावाबाहेर, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा जागी बांधता आले असते. पण त्यांनी जागा मागितली ती पीडमाँट ॲव्हेन्यूवर, फ्रॅटर्निटींच्या अगदी मध्ये. या भेदभावाच्या थेट नाकावर ठोसा बसावा, असे आपल्या मनात होते हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. धर्मादाय कामातला माणूस इतका उघड बोलतो हे विरळाच.

विरोध ताबडतोब झाला आणि तो तीन गोष्टींवर होता. परदेशी मुले नकोत, गोरे आणि बिगरगोरे एका छपराखाली नकोत, आणि मुलगे व मुली एका इमारतीत तर मुळीच नकोत. घरमालकांना भीती होती की गाव आशियाई आणि कृष्णवर्णीय लोकांनी भरून जाईल. निषेधाच्या सभेला आठशेहून अधिक लोक जमले. त्या सभेत डेलाइला बीझली उभ्या राहिल्या. कॅलिफोर्नियातल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास त्यांनी वर्षानुवर्षे स्वखर्चाने धुंडाळून १९१९ साली ग्रंथरूपात आणला होता, आणि ‘ओकलंड ट्रिब्यून’ या दैनिकात त्या सदर लिहीत. चिडलेल्या सभेपुढे त्यांनी या घराची बाजू ठामपणे मांडली आणि सभा अवाक झाली. संस्थेच्या संस्थापकांची यादी करताना देणगीदार, वास्तुविशारद आणि विद्यापीठाचे अधिकारी आठवतात. बीझलीबाईंचे नाव त्या यादीत पहिल्या ओळीत असावे, असे या लेखकाचे मत आहे. त्या १९३४ साली वारल्या, घर उभे राहिलेले पाहून.

इमारतीसाठी रॉकफेलर यांनी १८ लाख डॉलर दिले. आराखडा जॉर्ज केलहॅम यांचा. विद्यापीठाच्या अनेक इमारती त्यांच्याच हातच्या, आणि जवळचा बोल्स हॉल हाही त्यांचाच. बोल्स हॉल केवळ पुरुषांसाठी होता. इंटरनॅशनल हाऊस स्त्री-पुरुष दोघांसाठी. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला असे हे पहिलेच विद्यार्थी निवास, असे संस्था अभिमानाने सांगते. अर्थात खोल्यांचे विभाग वेगळे होते. एकत्र होते ते भोजनगृह आणि दिवाणखाने, आणि पुढचा सगळा इतिहास त्या एकत्र जागांमध्येच घडला.

तिसाचे दशक : घडी बसताना

घर उघडले तेव्हा जागतिक मंदी सुरू झाली होती. त्याच वर्षी जुलैत रॉबर्ट गॉर्डन स्प्राउल विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि त्यांचे पाठबळ संस्थेला मिळाले. पहिले संचालक ॲलन ब्लेझडेल. ते १९३० पासून १९६१ पर्यंत, म्हणजे एकतीस वर्षे, या पदावर होते. पहिल्या पिढीचे संचालक एवढा काळ टिकले की संस्थेच्या सवयी त्यांच्या स्वभावाप्रमाणे बनतात. इथेही तसेच झाले.

या घराने एक गोष्ट आरंभीच ठरवली. हे घर केवळ परदेशी मुलांचे असणार नाही, अमेरिकन विद्यार्थीही इथे राहतील. वरवर ही व्यवस्थेची बाब दिसते, पण सगळे गमक इथे आहे. परदेशी मुलांसाठी वेगळे वसतिगृह बांधले असते तर कोणी विरोधही केला नसता आणि कोणाचे काही बदललेही नसते.

फ्रॅटर्निटीत गुप्त शपथ असते, इथे शपथ नव्हती. तिथे नव्या सभासदाची परीक्षा जुने सभासद घेत, इथे परीक्षा होती ती भोजनगृहात ताट घेऊन अनोळखी टेबलावर बसण्याची. एडमंड्सच्या घरचे रविवारचे जेवण न्यूयॉर्कहून इथे आले आणि संस्थेची पहिली परंपरा बनले. पाठोपाठ देशोदेशीच्या संध्याकाळी, पोशाख, गाणी, नाच, व्याख्याने हे सगळे आले. मोठ्या सभागृहात परिषदा भरू लागल्या आणि ग्रेट हॉलमध्ये नक्षीदार छताखाली रात्री उशिरापर्यंत वाद रंगू लागले.

जॉन केनेथ गालब्रेथ हे कॅनडातल्या ओंटारिओचे शेतकऱ्याचे पुत्र. १९३१ साली दरमहा ६० डॉलरच्या संशोधन सहायकपदावर ते बर्कलीत आले आणि या घरात राहिले. पुढे ते अर्थशास्त्रज्ञ म्हणून जगभर गाजले आणि केनेडींच्या काळात भारतात अमेरिकेचे राजदूत होते. भारतीय वाचकाला या घराच्या माजी निवाशांमधले हे सर्वांत परिचित नाव असावे.

१९३२ साली शिकागोत आणि १९३६ साली पॅरिसच्या विद्यापीठनगरीत याच घराण्यातली आणखी दोन घरे उभी राहिली. चारही घरांमागे रॉकफेलर यांचा पैसा आणि एडमंड्स यांचा ध्यास. चार भावंडांत न्यूयॉर्क थोरले आणि बर्कली दुसरे. भावंडांत चढाओढ असते तशी इथेही थोडी आहे, पण त्यात शिरत नाही.

चाळिसाचे दशक : घर सुटले, घर मिळाले

संस्थेच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ हा. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम क्रमांक ९०६६ काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना, त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक असूनही, छावण्यांत नेण्यात आले. बर्कलीतल्या अशा सुमारे ५०० विद्यार्थ्यांचे शिक्षण अर्धवट सुटले. बर्कलीच्या रहिवाशांना गावातल्या चर्चमध्ये नोंदणीसाठी बोलावून तिथून टॅनफोरान इथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पाठवले गेले. या मुलांना देशाच्या आतल्या भागातल्या कॉलेजांत प्रवेश मिळावा म्हणून स्प्राउल यांनी खटपट केली. काहींना तो मिळालाही. ज्या संस्थेचे ब्रीद बंधुभाव होते, तिच्या दारापासून चालत जाण्याच्या अंतरावर हे घडले. कोणत्याही घराला हे रोखता आले नसते, आणि ते विसरताही येणार नाही.

१९४३ साली इमारत नौदलाने भाड्याने घेतली. तिचे नाव कॅलहन हॉल झाले. दिवाणखान्यांत देशोदेशीच्या विद्यार्थ्यांच्या जागी गणवेशातले तरुण आले. संस्था स्वतःच्याच घराबाहेर पडली आणि तीन वर्षे परक्या छपराखाली तग धरून राहिली. १९४६ साली इमारत परत मिळाली. भिंती उभ्या असणे म्हणजे घर चालणे नव्हे, हे त्या तीन वर्षांत जसे कळले तसे एरवी कळले नसते. त्या काळात निष्ठेने काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दलची आणि माजी निवाशांबद्दलची कृतज्ञता सर्वांना मिळून एकदाच इथे नोंदवतो.

युद्धानंतर चित्र पालटले. १९४६ मध्ये विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा फुलब्राइट कायदा झाला, पुढच्या वर्षी भारत स्वतंत्र झाला, आणि नवस्वतंत्र देशांची सरकारे आपले तरुण अभियंते, शेतीतज्ज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ शिकायला पाठवू लागली. आता येणारा विद्यार्थी वसाहतीतला प्रजाजन राहिला नव्हता, तो आपल्या नव्या देशाचा नागरिक म्हणून टेबलावर बसत होता.

पन्नास आणि साठची दशके

या वीस वर्षांत घर स्थिर होते आणि आजूबाजूचा रस्ता बदलत होता. १९५९ साली विद्यापीठाने नियम केला की सभासदत्वात वंश वा धर्मावरून भेद करणाऱ्या विद्यार्थी संघटनांनी ती बंधने सोडावीत, आणि त्यासाठी १९६४ पर्यंत मुदत दिली. एडमंड्सनी ज्या दारांसमोर घर बांधले, ती दारे उघडण्याचा नियम येईपर्यंत तीन दशके लोटली. खाजगी घरांच्या भाड्यातला वंशभेद रोखणारा रमफर्ड कायदा कॅलिफोर्नियाने १९६३ साली केला. पुढच्याच वर्षी मतदारांनी मतदानाने तो मोडीत काढला आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने मतदारांचा तो निर्णय रद्द ठरवला. म्हणजे साठच्या दशकात बर्कलीला आलेल्या भारतीय मुलाला भाड्याची खोली मिळवताना घरमालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे, आणि त्या काळातही हे घर त्याला हक्काचे होते.

१९६० साली जेरी ब्राऊन नावाचा तरुण धर्मगुरू होण्याचे शिक्षण अर्धवट सोडून बर्कलीत आला आणि इथे राहिला. पुढे तो दोनदा कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला. १९६१ मध्ये ब्लेझडेल निवृत्त झाले आणि शेरिडन वॉरिक यांनी सूत्रे घेतली. ते १९८८ पर्यंत संचालक होते. १९६४ च्या भाषणस्वातंत्र्याच्या चळवळीने विद्यापीठ दणाणून सोडले, मग व्हिएतनामविरोधी मोर्चे आले. एवढी माणसे, एवढ्या देशांची आणि एवढ्या मतांची, एका छपराखाली राहतात म्हटल्यावर खटके उडणारच. स्मरणिकेच्या रीतीला धरून त्यांची यादी देत नाही. घर बंद पडले नाही, एवढे सांगणे पुरेसे आहे.

सत्तर ते नव्वद

१९७९ साली हॅरी एडमंड्स वारले. वय ९६. पुढच्या वर्षी बर्कलीच्या घराला पन्नास वर्षे झाली.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात एरिक श्मिट इथे राहत होते. त्यांची भावी पत्नी वेंडी त्यांना इथेच भेटली. पुढे ते गूगलचे प्रमुख झाले, पण अशा जोड्या या घराला नवीन नाहीत. इथे जमलेल्या लग्नांची गणती करण्याचा मोह संस्थेला नेहमीच होतो आणि त्यात गैर काही नाही. विसाच्या दशकात ज्यांनी मुलगे-मुली एका छपराखाली नकोत म्हणून आवाज उठवला होता, त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती म्हणायची!

१९८८ पासून २००७ पर्यंत जो लुरी हे संचालक होते. तरुणपणी केनियात पीस कोअरचे काम करून आलेले. एकाची सभ्यता दुसऱ्याला उद्धटपणा कशी वाटते, होकाराची मान हलवणे दुसऱ्या देशात काय सांगते, अशा संस्कृतींमधल्या गैरसमजांवर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले. भारतीय माणसाची मान कशी हलते हे ज्यांनी परदेशात समजावून सांगितले आहे, त्यांना या अभ्यासाची गरज वेगळी सांगायला नको.

दरम्यान अमेरिकन कॉलेजांत फ्रॅटर्निटीच्या साच्यातच एक नवा प्रकार आला. १९८१ साली न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात म्यू सिग्मा अप्सिलॉन ही बहुसांस्कृतिक सोरॉरिटी स्थापन झाली. कोणत्याही एका वंशाची वा देशाची न राहता सर्वांना घेणारी अशी ती पहिली. तिच्यामागून तशी आणखी मंडळे निघाली. ग्रीक अक्षरे, दीक्षा, जन्मभराचे नाते हे जुने सगळे त्यांनी ठेवले आणि दाराची पाटी तेवढी बदलली. बर्कलीच्या घराने अक्षरे आणि दीक्षा टाकून दिली होती, पंगत तेवढी ठेवली होती. दोन्ही वाटांनी माणसे जवळ आली. मात्र दुसरी वाट कमी खर्चाची आणि अधिक टिकाऊ, असे आपले आम्हाला वाटते.

एकविसावे शतक

डिसेंबर २००९ मध्ये विद्यापीठाने १९४२ साली शिक्षण अर्धवट सोडावे लागलेल्या जपानी वंशाच्या विद्यार्थ्यांना सन्मान्य पदव्या दिल्या. ६७ वर्षांनी. काही वृद्ध हात पदवी घ्यायला पुढे आले, काहींची पदवी मुलानातवंडांनी घेतली.

आज घरात सुमारे ६०० विद्यार्थी आणि संशोधक राहतात, साठहून अधिक देशांचे. संस्था विद्यापीठाशी संलग्न आहे पण स्वतंत्र आणि ना-नफा तत्त्वावर चालते. म्हणजे खोल्यांचे भाडे, सभागृहांचे उत्पन्न आणि देणग्या यांवर तिचा संसार आहे. २०२० च्या महामारीत हे गणित किती नाजूक आहे ते दिसले. एकत्र जेवणे हाच जिचा धर्म, तिला एकत्र बसण्यावरच बंदी आली. तीही वर्षे गेली.

परंपरा चालू आहेत. रविवारची विशेष जेवणे होतात, वसंतोत्सव होतो, कॉफीच्या निमित्ताने जमणे होते, एकमेकांच्या भाषा शिकणे चालते. कोपऱ्यावरचा कॅफे सर्वांसाठी उघडा आहे, आत जाण्यासाठी निवासी असण्याची अट नाही. भोजनगृहात रोज ताट घेऊन उभा राहिलेला कोणी ना कोणी कुठे बसावे हे शोधत असतो. सिलिकॉन व्हॅली तासाभराच्या अंतरावर असल्याने भारतातून येणाऱ्यांत आता संगणकशास्त्राचा भरणा मोठा. मराठी आवाज कानावर पडणे हे बे एरियात नवलाचे राहिलेले नाही. खानखोज्यांच्या काळी ते असावे.

या जवळजवळ शंभर वर्षांत ज्यांनी हे घर चालवले त्यांत संचालक थोडे आणि बाकीचे फार. स्वयंपाकघरातले, रात्रपाळीच्या दारावरचे, भांडी घासून शिक्षणाचा खर्च भागवणारे विद्यार्थी, आणि परदेशी मुलांना सणावाराला आपल्या घरी जेवायला नेणारी बर्कलीची कुटुंबे. त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

शताब्दी २०३० च्या ऑगस्टमध्ये आहे. इंटरनॅशनल हाऊसमध्ये, बर्कलीत असो की न्यूयॉर्क, शिकागो वा पॅरिसमध्ये, राहून गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांची पत्रे, रोजनिशा, छायाचित्रे आणि पंगतीच्या आठवणी अनेक घरांतल्या जुन्या ट्रंकांत पडून असतील. ज्यांच्याकडे असे काही असेल, त्यांनी ते रद्दीत न घालता त्याची एक प्रत त्या त्या घराकडे पाठवावी, अशी वाचकांना विनंती.